खुंटावरचा नेम

२०२३ च्या ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड धनुर्विद्येतील जागतिक अजिंक्यपदे मिळवली आणि या खेळाकडे महाराष्ट्राचे लक्ष नव्याने वेधले गेले. त्या प्रकारात लक्ष्य बरोबर ५० मीटरवर असते. ऑलिंपिकमध्ये हेच अंतर ७० मीटर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो अवघा १२.२ सेंटिमीटर. मैदान सपाट, अंतर मोजलेले, वेळ घड्याळाने बांधलेली. या चौकटीत अचूकतेची जी पराकाष्ठा साधली जाते, तिचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु धनुर्विद्येचा आणखीही एक प्रकार आहे. त्यात अंतर मोजलेले नसते, पंच नसतो, गुणफलक नसतो आणि टाळ्या वाजवायला कोणी नसते. लक्ष्य असते कुजून गेलेल्या एखाद्या झाडाचा खुंट. या साध्या दिसणाऱ्या उद्योगात शिक्षणाचा आणि संयमाचा एक विचार दडलेला आहे. त्याची ओळख आपल्याकडील शिक्षकांना व विद्यार्थ्यांना व्हावी, हा या लेखाचा हेतू.

उत्तर अमेरिकेतील पानझडीच्या अरण्यांत हा प्रकार आजही जिवंत आहे. मार्च सरून एप्रिल उजाडला, की विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हानिया यांसारख्या राज्यांत रानातले बर्फ वितळू लागते. ओक, हिकरी, मेपल, बीच यांच्या फांद्या अजून उघड्याच असतात. त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोचते आणि डोक्यावर पालवीचे छत तयार होण्यापूर्वीच्या त्या थोड्या आठवड्यांत ट्रिलियम, ब्लडरूट यांसारखी रानफुले फुलून घेतात. हरणांच्या शिकारीचा हंगाम शरद ऋतूतला; तो केव्हाच संपलेला असतो. अशा वेळी काही माणसे लाकडी धनुष्य आणि भात्यात मोजके बाण घेऊन रानात दिवसभर पायपीट करतात. वाटेत कुजका खुंट, पाचोळ्याचा ढीग, मातीचा ढेकूळ, असे काही दिसले की थांबतात, अंतर मनाशी जोखतात, एक बाण सोडतात आणि पुढे चालू लागतात. इंग्रजीत याला ‘स्टंप शूटिंग’ म्हणतात.

या बाणांना पाते नसते. टोक बोथट असते, किंवा त्याला तारेच्या आखूड स्प्रिंगा बसवलेल्या असतात. त्या गवतात अडकल्यामुळे बाण पाचोळ्याखाली शिरून हरवत नाही. जिवंत झाडावर बाण मारायचा नाही, दगडावर मारायचा नाही, आणि टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या दिशेने तर मुळीच सोडायचा नाही. कारण पलीकडे कोण आहे ते दिसत नसते. नियम एवढेच. ते पाळले जातात की नाही, हे पाहायलाही कोणी नसते.

अंतराचा अंदाज

या मंडळींचे धनुष्यही जुन्या वळणाचे असते. १९६९ साली मिसूरी राज्यातील होलिस विल्बर ॲलन या गृहस्थाला कप्प्या बसवलेल्या धनुष्याचे पेटंट मिळाले. तेच आजचे कंपाउंड धनुष्य. दोरी पूर्ण ओढली, की कप्प्यांमुळे हातावरचा ताण बराचसा उतरतो आणि तिरंदाजाला स्थिरपणे नेम धरता येतो. ऑसेज ऑरेंज, यू किंवा हिकरी यांच्या लाकडाच्या साध्या धनुष्यात ही सवलत नाही. उलट दोरी जितकी मागे यावी तितका ताण वाढत जातो. ५० पौंडांचे धनुष्य म्हणजे सुमारे २३ किलोचे ओझे तीन बोटांवर तोलायचे. तेथे रेंगाळायला वाव नाही. नेम धरण्यासाठी त्यावर काही खूणही नसते. डोळा, खांदा आणि बोटे यांनी मिळून क्षणार्धात जो निर्णय घ्यायचा, तोच नेम.

या निर्णयात अंतराचा अंदाज किती महत्त्वाचा, हे साध्या गणिताने कळते. अशा धनुष्यातून बाण सेकंदाला सुमारे १८० फूट वेगाने सुटतो असे धरू. २० यार्ड अंतर तोडायला त्याला सेकंदाचा एक तृतीयांश भाग लागतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने तो पावणेदोन फुटांहून थोडा अधिक खाली येतो. ३० यार्डांना अर्धा सेकंद लागतो आणि बाण चार फूट खाली येतो. म्हणजे लक्ष्य २० यार्डांवर आहे अशा समजुतीने सोडलेला बाण, ते प्रत्यक्षात ३० यार्डांवर असेल, तर सव्वा फुटाहून अधिक खाली लागेल. हात कितीही स्थिर असला तरी ही चूक टळत नाही; कारण ती हाताची नसून अंदाजाची असते. मोजलेल्या मैदानावर हजार बाण सोडले तरी हा अंदाज शिकता येत नाही. तेथे तो आधीच कोणीतरी करून ठेवलेला असतो.

रानात मात्र चढावर अंतर वेगळे भासते, उतारावर वेगळे. दाट झाडीत जवळची वस्तू दूर वाटते, उघड्या माळावर दूरची जवळ. प्रत्येक खुंट हा नवा प्रश्न असतो आणि त्याला पहिल्याच बाणाने उत्तर द्यायचे असते. जाणते तिरंदाज एका खुंटावर सहसा दुसरा बाण सोडत नाहीत, त्यामागचे मर्म हेच. दुसरा बाण पहिल्याची दुरुस्ती करतो. परंतु खरी परीक्षा पहिल्याची असते.

राजाज्ञेचे शहाणपण

ही दृष्टी नवी नाही. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५४१ साली, एक कायदा झाला. चोवीस वर्षांखालील कोणीही एका जागी रोवलेल्या लक्ष्यावर बाण मारू नये. मारायचे तर हिंडत, प्रत्येक बाणागणिक लक्ष्य बदलून मारावेत, असे त्यात म्हटले होते. चोवीस व त्यावरील वयाच्या पुरुषांनी २२० यार्डांपेक्षा जवळच्या लक्ष्यावर सराव करू नये, असेही बंधन होते. आज हे वाचताना गंमत वाटते. पण राज्यकर्त्यांच्या मनातील हिशेब सरळ होता. रणांगणावर शत्रू मोजलेल्या अंतरावर येऊन उभा राहत नाही. ज्याने तरुणपणी एकाच अंतराची सवय लावून घेतली, तो मैदानावर शूर आणि युद्धात निरुपयोगी ठरण्याचा संभव फार.

पुढे चारच वर्षांनी, १५४५ मध्ये, रॉजर ॲस्कम या केंब्रिजच्या विद्वानाने ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरील संवादात्मक ग्रंथ लिहून राजाला अर्पण केला. हाच ॲस्कम पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. वारा आणि हवामान यांच्या निरीक्षणाला त्याने दिलेले महत्त्व पाहिले, म्हणजे धनुर्विद्या ही त्याच्या लेखी हातापेक्षा डोळ्याची विद्या होती असे दिसते. लंडनच्या उत्तरेस फिन्सबरीच्या मैदानांत अशा हिंडत्या तिरंदाजीसाठी नावे असलेली लक्ष्ये जागोजागी उभी होती. कालांतराने त्या लक्ष्यांमधील अंतरांची कोष्टके छापून निघाली. लोकांची सोय झाली. पण ज्या अंदाजासाठी हिंडायचे, तोच कोष्टकात जाऊन बसला. मार्गदर्शिकांच्या जोरावर परीक्षा देणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना या घटनेचे आश्चर्य वाटणार नाही.

द्रोणाचार्यांचा पक्षी

धनुर्विद्या म्हटली, की आपल्या मनात प्रथम उभी राहते ती द्रोणाचार्यांची परीक्षा. युधिष्ठिराला झाड दिसले, भाऊ दिसले, पक्षी दिसला. तो नापास झाला. अर्जुनाला पक्ष्यापलीकडे काही दिसेना. तो उत्तीर्ण झाला. लोकपरंपरेत ही गोष्ट पक्ष्याच्या डोळ्याची म्हणून रूढ आहे आणि एकाग्रतेचा आदर्श म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती वर्गावर्गांतून सांगितली जाते. त्या आदर्शाविषयी वाद नाही. मात्र एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. महाभारतातील तो पक्षी जिवंत नव्हता. आचार्यांनी तो कारागिरांकडून करवून घेऊन झाडाच्या शेंड्यावर बसवला होता. शिष्याचा पहिला बाण सजीवावर सुटू नये, एवढे भान आचार्यांनाही होते असे यावरून म्हणता येईल. खुंटावर बाण मारणारे लोक नकळत तीच मर्यादा पाळतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या परीक्षेत झाड आचार्यांनी निवडले होते, पक्षी त्यांनीच बसवला होता आणि बाण केव्हा सोडायचा तेही तेच सांगणार होते. अर्जुनाकडे उरली होती ती फक्त अचूकता. रानात ही व्यवस्था कोणी करून ठेवत नाही. तेथे तिरंदाजाला आधी युधिष्ठिर व्हावे लागते. झाड पाहावे लागते, मधली फांदी पाहावी लागते, वारा पाहावा लागतो, लक्ष्यामागे कोण उभे आहे तेही पाहावे लागते. हे सारे पाहून झाल्यावर एका क्षणापुरते अर्जुन व्हायचे. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारणारा तिरंदाज धोकादायक असतो, मग त्याचा नेम कितीही चांगला असो.

वसंतातली टेहळणी

खुंट शोधत हिंडणाऱ्यांचा आणखी एक उद्देश असतो, तो म्हणजे टेहळणी. पालवी फुटण्यापूर्वीचे रान हे उघड्या पुस्तकासारखे असते. गेल्या हंगामात पांढऱ्या शेपटीची हरणे कोणत्या वाटांनी गेली, हे दबलेल्या पाचोळ्यावरून कळते. शरद ऋतूत नरांनी शिंगे घासून सोललेली कोवळ्या झाडांची साल अजून तशीच दिसते. त्यांची बसण्याची ठिकाणे, पाण्याकडे उतरण्याच्या घळी, काट्याकुट्यांतील आडोसे उघडे पडलेले असतात. आपल्याकडील चितळ-सांबरांप्रमाणे ही हरणेही दरवर्षी शिंगे टाकतात. हिवाळ्यात गळून पडलेली ती शिंगे वसंतात सापडतात आणि कोणता नर हिवाळ्यातून तरला असावा, याचा अंदाज येतो. जूनमध्ये याच जागी उभे राहिले, तर हिरव्या भिंतीपलीकडे काहीही दिसत नाही.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. ही सारी खटपट अखेर शरद ऋतूत हरिण मारण्यासाठीच ना? मग तिचे कौतुक कशाला? यावर प्रथम हे सांगितले पाहिजे, की खुंटावर बाण मारणारा प्रत्येक जण शिकारी असतोच असे नाही. जे शिकारी आहेत त्यांच्या बाबतीत तर या सरावाला अधिकच नैतिक महत्त्व आहे. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याचे पाते रक्तवाहिन्या कापते. तो छातीत, हृदय व फुप्फुसे असतात तेथे लागला, तर मृत्यू त्वरित येतो. वर सांगितलेली सव्वा फुटाची चूक झाली, तर बाण पायात किंवा पोटात शिरतो, प्राणी निघून जातो आणि कोठेतरी झाडीत तासन्‌तास, कधी काही दिवस तडफडून मरतो. म्हणून साधे धनुष्य वापरणारे अनेक जण २० यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही, असा निर्बंध स्वतःवर घालून घेतात. आपली मर्यादा २० यार्डांची की पंधराच, हे ज्याचे त्याला खुंटच सांगतो. आणि तो भीडभाड ठेवत नाही. शंभर खुंटांनी शिकवायचा धडा शेवटी एवढाच, की कोणता बाण सोडायचा नाही.

विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली केवळ धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्यासाठी स्वतंत्र हंगाम दिला. त्याच राज्यात प्राध्यापक असलेले निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्ड हे स्वतः धनुष्ये बनवत. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सँड काउंटी आल्मनॅक’ या ग्रंथात त्यांनी मांडलेला एक विचार असा, की शिकाऱ्याच्या कृतीला प्रेक्षक नसतात. म्हणून त्याच्यावर अंकुश असतो तो त्याच्या स्वतःच्या विवेकाचाच. कार्यालयातील टेबलापासून वर्गातील फळ्यापर्यंत, कोणी पाहत नसताना करायच्या कामांना हा विचार लागू पडतो, हे वेगळे सांगायला नको.

इशीचे ऋण

अमेरिकेतील या परंपरेच्या मुळाशी मात्र एक वेदना आहे. तिचा उल्लेख टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मॉरिस थॉम्प्सन यांच्या १८७८ सालच्या ‘द विचरी ऑफ आर्चरी’ या पुस्तकाने तेथील सुशिक्षितांना धनुष्याचे वेड लावले आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, हे खरे. पण रानातील धनुर्विद्या त्यांना खऱ्या अर्थाने शिकवली ती इशीने. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकाकी माणूस सापडला. याही या आदिवासी जमातीतील तो अखेरचा माणूस. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत ती जमात नष्ट झाली होती. त्याने आपले नाव सांगितले नाही. तेव्हा त्याच्याच भाषेतील ‘माणूस’ या अर्थाच्या शब्दाने त्याला ओळखू लागले. तोच इशी. सॅन फ्रान्सिस्कोमधील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला आणि तेथील डॉक्टर सॅक्स्टन पोप यांना त्याने धनुष्य घडवण्यापासून सावजाच्या जवळ जाण्यापर्यंत सारे शिकवले. गोऱ्यांच्या रंगीत वर्तुळांच्या लक्ष्यावर इशीचा नेम फारसा बसत नसे. रानात मात्र तो गुरू होता.

१९१६ साली क्षयाने इशीचा अंत झाला. पोप यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक १९२३ साली निघाले आणि आजच्या बहुतेक अमेरिकन तिरंदाजांची परंपरा तेथवर जाऊन पोचते. इशीचा मेंदू मात्र काढून स्मिथ्सोनियन संस्थेकडे पाठवण्यात आला होता. तो त्याच्या आप्तजमातींच्या हाती परत यायला २००० साल उजाडावे लागले. ज्यांच्याकडून विद्या घ्यायची त्यांनाच नामशेष करायचे, हा प्रकार एकलव्याच्या देशातील वाचकांना अपरिचित वाटू नये. येथे तर शिष्याचा अंगठा मागितला गेला नाही. गुरूची जमातच गेली.

१९७२ चे दोन कायदे

योगायोग असा, की १९७२ या एकाच वर्षी दोन देशांच्या कायदेमंडळांनी धनुष्यबाणाची दखल घेतली. अमेरिकेत बंदुकांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या पुनर्वसनासाठी राखून ठेवणारा कायदा १९३७ पासून होता. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणावरील कराची त्यात भर पडली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी काही लाखांवर आलेली तेथील पांढऱ्या शेपटीची हरणे आज कोट्यवधींच्या घरात आहेत. त्यात या पैशाचा आणि शिकारीवरील कडक नियमनाचा वाटा आहे.

भारतात त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्यातील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा नावानिशी समावेश झाला. परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणे हा गुन्हा ठरला. वनहक्क देणाऱ्या २००६ च्या कायद्यानेही शिकारीचा पारंपरिक हक्क वगळलाच. आपली लोकसंख्या, आपल्या उरल्यासुरल्या जंगलांचे आकारमान आणि राजेरजवाड्यांनी व साहेबांनी मांडलेल्या संहाराचा इतिहास ध्यानात घेता, हा निर्बंध योग्यच होता असे आमचे मत आहे. तथापि त्याची एक किंमत आपण मोजली. रान वाचण्याची विद्या ज्यांच्याकडे पिढीजात होती, ते भिल्ल आणि त्यांच्यासारखे इतर समाज कायद्याच्या नजरेत आधी संशयित ठरले. त्यांच्या हातातील धनुष्य थांबवायला हवे होते; त्यांच्या डोळ्यांतील ज्ञान मात्र थांबवायला नको होते. राजस्थानातील आदिवासी कुटुंबातून आलेला, बांबूच्या धनुष्यावर तयार झालेला लिंबाराम १९८८ पासून तीन ऑलिंपिकमध्ये देशासाठी उभा राहिला. पण पाऊलखुणा वाचणारा एखादा म्हातारा शाळेत बोलावून मुलांपुढे उभा केला आहे, असे दृश्य आपल्याकडे कितीसे दिसते?

हा लेख वाचून कोणी धनुष्य घेऊन जंगलात जावे असे अर्थातच सुचवायचे नाही. कायदा त्याला परवानगी देत नाही आणि ते बरेच आहे. पण या उद्योगाचा गाभा धनुष्याविनाही हाती येऊ शकतो. फाल्गुन-चैत्रात आपलीही पानझडीची राने उघडी होतात. सागाला पान नसते, पळस-पांगारा पेटलेला असतो, आटत चाललेल्या पाणवठ्याच्या कडेला ओल्या मातीत रात्रीच्या येण्याजाण्याची नोंद उमटलेली असते. शाळेच्या सहलीत एखाद्या शिक्षकाने दूरचा एक खुंट दाखवून विचारावे, की तो किती पावलांवर आहे? प्रत्येकाने आकडा सांगावा आणि मग चालत जाऊन मोजावा. कोणाचे चाळीस चुकतील, कोणाचे साठ. वीस खुंटांनंतर चुका लहान होऊ लागतील. याला खर्च नाही, यात कोणाला इजा नाही, आणि याचे गुण प्रगतिपुस्तकात लिहिता येत नाहीत.

तेच कदाचित या शिक्षणाचे सामर्थ्य असेल. आपली सारी शिक्षणव्यवस्था ५० मीटरवरच्या लक्ष्यासाठी बांधलेली आहे. प्रश्न ठरलेले, अंतर ठरलेले, उत्तरांची जागाही आखून दिलेली. त्यातून अचूक मुले निर्माण होतात, यात शंका नाही. परंतु नोकरी, व्यवसाय, संसार आणि सार्वजनिक जीवन यांत कोणी पक्षी बांधून ठेवत नाही आणि अंतर सांगत नाही. तेथे पहिलाच बाण सोडावा लागतो. आणि काही वेळा तो न सोडण्याचा निर्णयही स्वतःलाच घ्यावा लागतो. त्याची तयारी कुजक्या खुंटासमोर उभे राहून होत असेल, तर त्या खुंटाला गुरू मानण्यात कमीपणा कसला?